दोरीला हात

नववीतल्या पूर्वी होडेकरला वाचता येत नाही हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणाची त्यापायी झोप उडाली नव्हती. आठवीपर्यंत नापास करायचं नाही म्हटल्यावर पोरं एकेक इयत्ता ढकलत वर येतात. नववीत आली की मग सगळ्यांना साक्षात्कार होतो की अरे, हिला तर धड अक्षरओळख नाही. मग बोटं दाखवायचा कार्यक्रम सुरू. हायस्कूलचे मास्तर प्राथमिकच्या गुरुजींकडे, गुरुजी पालकांकडे, पालक नशिबाकडे. नववीला मराठी शिकवणाऱ्या रेणुका तांबेनं मात्र कुणाकडे बोट दाखवलं नाही, एवढं तिच्या पदरात टाकायलाच हवं. पुढे जे झालं ते ऐकल्यावर हे सांगायला जीभ उचलणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

ऑगस्टच्या पालकसभेला पूर्वीची आजी आवडाबाई आली ती मिरकरवाडा बंदरातल्या कोळंबीच्या शेडवरून थेट. लुगड्याचा काठ ओला, अंगाला बर्फाचा आणि मासळीचा वास. पूर्वीला आई नव्हती. बाप शिवा ट्रॉलरवर, घरी आला तर आठवड्यानं. त्यामुळे पोरीचं काय करायचं ते आवडाबाईच ठरवायची. तिनं खुर्चीवर न बसता उभ्याउभ्याच सांगितलं.

"बाई, ह्या वर्षात वाचाया शिकली तर दहावीला बसवतंय. नाय तर माझ्या बाजूला शेडवर बसवतंय. नुसती बाकावर बसून काय उपेग?"

त्यात धमकी नव्हती. टेबलावर टेकलेले तिचे हात रेणुकानं पाहिले. तीस वर्षं बर्फाच्या पाण्यात कोळंबी सोलून बोटांची कातडी सोलवटली होती, दोन नखं तर जागेवरच नव्हती. असे हात नातीला मिळावेत असं कुठल्या आजीला वाटेल? पण बाई रोकठोक. वाचता येणार नसेल तर शाळेचं सोंग कशाला, असा तिचा सरळ हिशेब.

रेणुका म्हणाली, "मार्चच्या आत वाचेल. माझा शब्द."

शब्द देताना तिला आपली आई आठवत होती. लांज्याजवळच्या बौद्धवाडीत तिचे वडील बाबाजी साऱ्या वाडीला पेपर वाचून दाखवायचे, आणि आई कमला मात्र अंगठेबहाद्दर. सातवीत असताना रेणुकानं आईला चुलीपुढे बसवून शिकवलं होतं. एकेका अक्षराखाली बोट ठेवायचं आणि आईचं ओठ हलवणं संपेपर्यंत बोट हलवायचं नाही. आठ महिने लागले. नवव्या महिन्यात आईनं एस्टीची पाटी आपली आपण वाचली. वाचायला शिकवतात कसं, हे रेणुकाला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तिला माफ करणं जड जातं.

त्याच महिन्यात तिचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. सहकारी अध्ययन. वर्गाचे चार-चार जणांचे गट करायचे. एक चांगला वाचणारा, दोन मधले, एक मागे पडलेला. चौघांनी एकत्र वाचायचं, एकमेकांना शिकवायचं. हुशारानं कच्च्याला सोडून पळू नये म्हणून दर शनिवारी आठवड्याचा धडा मोठ्यानं वाचायची चौघांची चाचणी, आणि ज्याला सगळ्यांत कमी गुण तेच अख्ख्या गटाचे गुण. रेणुकाला ही कल्पना फार पटली. बावन्न पोरांच्या वर्गात ती एकटी किती अक्षरांखाली बोट ठेवणार? आता तेरा गट, म्हणजे तेरा बोटं.

पहिल्या दिवशी तिनं वर्गाला समजावलं, "एकानं ओढायचं नाही, चौघांनी ओढायचं. मागे कुणाला ठेवायचं नाही."

खिडकीजवळचा निहार म्हणाला, "म्हंजे रापण."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. दोन्ही टोकांच्या दोऱ्यांना अर्धा गाव लागतो, आणि मासळी आली की वाटे पडतात. दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो तरणाबांड असो, नाहीतर तापानं फणफणलेला म्हातारा. आता यांत्रिक होड्यांपुढे रापणी राहिल्यात किती, पण रीत पोरांच्या रक्तात होती. रेणुकाला ते इतकं आवडलं की तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दोरीला हात, त्याला वाटा.' ती पडली घाटाकडच्या अंगाची. तिला रापणीत सगळ्यांनी ओढणं तेवढं दिसलं. दोरीला नुसता हात लावून चालणाऱ्यालाही वाटा मिळतो, ही दुसरी बाजू तिच्या ध्यानात आली नाही. ती पोरांच्या ध्यानात आली.

पूर्वीच्या गटात निहार, नम्रता आणि संस्कृती. निहार वर्गात पहिला. पहिले तीन शनिवार त्या गटाला दहापैकी शून्य, एक आणि एक असे गुण पडले, आणि निहारचं तोंड उतरलं. चौथ्या शनिवारी तीन. दिवाळीपर्यंत पाच. डिसेंबरात पूर्वी उभी राहायची, दोन्ही हातांत पुस्तक धरायची आणि आख्खा उतारा वाचायची. कुठेतरी दोनदा अडखळायची, मागे जाऊन शब्द पुन्हा घ्यायची आणि पुढे सरकायची. रेणुकाच्या डोळ्यांत पाणी यायचं. दर आठवड्याला पूर्वी किती ठिकाणी अडखळली ते ती वहीत टिपून ठेवायची. नऊ, सात, चार, दोन. त्याचा तिनं आलेख काढला. आलेख असा झकास उतरत गेला होता की मुख्याध्यापक सुहास सर म्हणाले, "तांबे मॅडम, हे जिल्ह्याला पाठवा. नवोपक्रम म्हणून."

झालं. जिल्ह्याला पाठवायचं म्हटल्यावर आधी साहेब पाहायला येणार. जानेवारीत तालुक्याचे एक अधिकारी आले. आवडाबाईलाही रेणुकानं मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ती दाराजवळ पदर सावरून उभी राहिली.

पूर्वीनं दुष्काळात विहीर खणणाऱ्या माणसांचा धडा उघडला. वीज गेलेली होती, वर्गात चिडीचूप. "त्या वर्षी गावात पाण्याचे दुर्... दुर्भिक्ष्य झाले," तिनं वाचलं. साहेबांनी कौतुकानं मान डोलावली. अर्ध्या पानावर आली असेल, एवढ्यात वीज आली, डोक्यावरचा पंखा फिरला आणि पुस्तकाची तीन-चार पानं फडफडत उलटली. समोर आलं ते भलत्याच पाठाचं पान. त्यावर नुसतं चित्र होतं, बैलाचं. पूर्वीचे डोळे त्या बैलावर होते आणि तोंडातून विहीर चालली होती. एकही शब्द न चुकता. मग बाकाखाली नम्रताचा पाय हलका टकटकला, आणि पूर्वीनं शिस्तीत पान उलटलं.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. वर्गानं वाजवल्या. आवडाबाईला टाळ्या वाजवायची सवय नव्हती, तिनं दोन्ही हात जोडले. रेणुका मागच्या भिंतीशी उभी होती. तिच्याशिवाय तो बैल कुणी पाहिला नव्हता.

तेव्हाच बोलता आलं असतं. निदान साहेब गेल्यावर सुहास सरांना सांगता आलं असतं. अहवाल अजून तिच्या टेबलावर होता. पण माणूस स्वतःला कसं गुंडाळतं बघा. ती मनाशी म्हणाली, एक पान चुकलं असेल, पोर घाबरली असेल. तिसऱ्या दिवशी अहवाल आलेखासकट रवाना झाला. मग तिला दोन रात्री झोप लागली नाही, आणि सोमवारी मधल्या सुट्टीत तिनं निहारला थांबवून घेतलं.

"पूर्वीला वाचता येतं का रे?"

निहारनं लपवाछपवी केली नाही. त्याला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "पाठ येतं, मॅडम. मी तीनदा वाचून दाखवतो. तिसऱ्या टायमाला तिला सगला येतो. डोस्कं लय भारी हाय तिचं. पान कुठं उलटायचं ते नम्रता पायानं सांगते."

"आणि अडखळते ती?"

"ते संस्कृतीनं ठरवलान. एकदम सरळ वाचली तर तुमाला डाऊट येईल. म्हनून आदी नऊ जागा ठेवल्या, मंग कमी कमी करत आनल्या. ता दुर्भिक्ष्य शेवटपर्यंत ठेवायचं ठरलंय."

रेणुका बाकावर बसली. तिचा आलेख, तिचं ते डोळ्यांतलं पाणी, सगळं संस्कृतीनं बसवून दिलेलं होतं.

"मी शिकवायला सांगितलं होतं रे तिला. फसवायला नाही."

आता निहार दुखावला. "शिकवलं की आमी. पयले तीन आठवडे रोज शिकवलं. अक्षराखाली बोट ठेवून. क पासून म पर्यंत आलेली ती, काना बी वळखायला लागलेली. पन शनवारी मार्क पडायचे एक. सगल्यांचे एक. माझे पप्पा ओरडले, शाळेत जाऊन काय करतोस म्हनून. मंग आमी बोललो, तिला बी वाटा मिलाया हवा आनि आमाला बी. तिचा हात होताच की दोरीला. तुमीच फळ्यावर लिवलेलंत."

पूर्वी क पासून म पर्यंत आली होती. रेणुकाच्या आईला म पर्यंत यायला दोन महिने लागले होते, आणि त्या दोन महिन्यांत कुणी शनिवारी येऊन गुण मोजले नव्हते. पोरं बोट ठेवून बसली होती, ते बोट तिनंच उचलायला लावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असती तर निहारवर ओरडता आलं असतं. तिला स्वतःची चीड आली आणि ती चीड घेऊन ती पूर्वीकडे गेली.

वार्षिक परीक्षेला अजून अडीच महिने होते. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या खोलीत बसायचं, दार लावून, असं ठरलं. रेणुकानं पहिलीचं पुस्तक आणलं आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. पूर्वी आली, बसली आणि म्हणाली, "मॅडम, मला येतं." आणि विहिरीचा धडा सुरू केला.

"तो नको. हे बघ, हे काय आहे?"

पूर्वीनं कव्हरातलं पुस्तक पाहिलं. घराचं, बदकाचं चित्र पाहिलं. तिचे कान लाल झाले. ऑगस्टमध्ये हेच पुस्तक पुढ्यात ठेवलं असतं तर ती निमूट बसली असती. तेव्हा ती ढ होती आणि सगळ्यांना ते माहीत होतं, तिलाही. आता ती वर्गात वाचणारी होती. साहेबांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आजीनं शेडवर आणि गावभर सांगितलं होतं. ढ असण्याची सवय मोडून पाच महिने झाले होते, आणि आता पुन्हा ग म भ न काढायला बसायचं होतं. तरी ती दोन दिवस आली. रेणुकानं अक्षराखाली बोट ठेवलं की खाली मान घालून पुटपुटायची. दुसऱ्या दिवशी 'मगर' तिनं स्वतः वाचलं. कुणी न सांगता. वर पाहून हसलीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी संस्कृती प्रयोगशाळेची किल्ली विचारायला दार ढकलून आत आली. तिनं टेबलावर पाहिलं. पोर वाईट नव्हती, हसली नाही. नुसतं म्हणाली, "अगो, हे तर पयलीचं पुस्तक."

एवढंच. चौथ्या दिवशी पूर्वी आली नाही. वर्गात यायची, मागच्या बाकावर बसायची, रेणुका जवळ आली की दप्तर आवरायला घ्यायची. गट रेणुकानं मोडले होते, शनिवार बंद केले होते. त्यानं पूर्वीची दोरीही सुटली. मार्चमध्ये तिच्या गैरहजेऱ्या वाढल्या. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा लागली. न वाचलेला उतारा पुढ्यात येणार, आणि बाकाखाली नम्रताचा पाय नसणार. मराठीच्या पेपराला पूर्वीची जागा रिकामी राहिली. त्याच आठवड्यात जिल्ह्याकडून प्रशस्तिपत्र आलं. सुहास सरांनी ते ऑफिसात खुर्चीमागे लावलं आणि सगळ्या स्टाफला पेढे वाटले. रेणुकानं पेढा रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. तो तिथंच आंबला.

शेवटचा पेपर झाल्यावर ती मिरकरवाड्याला गेली. मासळीचा लिलाव कधीच आटपला होता. पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा-वीस बायका ओळीनं बसून कोळंबी सोलत होत्या. पुढ्यात बर्फाच्या पाण्याचे टब, मागे सालांचे ढीग. आवडाबाईच्या बाजूला, तिनं सांगितलं होतं अगदी तिथंच, पूर्वी बसलेली होती. तिचे हात अजून कोवळे होते, बोटांची टोकं फक्त पांढरी पडून सुरकुतली होती.

आवडाबाई रेणुकाला पाहून उठलीच. "या बाई, या. यमुनाबाय, बाईंना पाट दी गो."

"आवडाबाई, पूर्वी परीक्षेला आली नाही. मी पुन्हा बसवते तिला. जूनमध्ये बघू काहीतरी."

"आता कशाला?" म्हातारी मनापासून म्हणाली. "मी बोललेलंय वाचाया आलं पायजे. तुमी शब्द पाळलाव. तीच बोलली, आये, मला समदं येतं, आता शाळेत नवीन काय शिकवीत नाय. मी म्हटलं दहावीला बस. ती बोलली नको. रडाया लागली वो. मंग म्हटलं राह्यलं. अक्षर हाय पोटात, ते काय कोन काढून घेनार हाय?"

पूर्वी मान खाली घालून सोलत होती. तिचे हात झपझप चालले होते.

"पुस्तक बी लागत नाय तिला," यमुनाबाई कौतुकानं म्हणाली. "रोज दुपारची वाचून दावते आमाला. हात कोलंबीत आनि तोंडानं पुस्तक. विहिरीची गोष्ट तर चार येला झाली."

"आनि आमच्या किती उपेगाची," आवडाबाईनं लुगड्याच्या गाठीतून चौघडी केलेला कागद काढला. "काल शेडवाल्यानं सगल्यांचे आंगठे घेतलान ह्या कागदावर. एक कापी आमच्याजवल दिलान. आदी आमी कदी इचारलं नाय, मारायचा आंगठा नि मोकलं व्हायचं. ह्या टायमाला म्हटलं, थांब, माझी नात वाचील. पूर्वीनं वाचून दिलान. हातमोजे देनार हायत आमाला, आनि हाताचं काय झालं तर दवाखाना. तेवा मारले सगल्यांनी आंगठे. बगा तुमी."

रेणुकानं कागद उलगडला. ओळी चारच होत्या. बर्फाच्या पाण्यात काम केल्यानं हाताला किंवा अंगाला कोणतीही इजा अगर कातडीचा विकार झाल्यास त्याची जबाबदारी आमची स्वतःची राहील, त्याबद्दल आम्ही कुठंही तक्रार करणार नाही, हे आम्हांला वाचून दाखवलं असून ते समजल्यावरून अंगठा देत आहोत. खाली निळ्या शाईचे अंगठे. काहींच्या ठशात रेघा उमटल्याच नव्हत्या, नुसताच डाग होता, कारण उमटायला बोटांवर रेघा शिल्लक नव्हत्या.

हातमोज्यांचा शब्दही त्यात कुठे नव्हता. पोरीनं कागद हातात धरला होता, सगळ्या बायका तोंडाकडे बघत होत्या, आणि तिनं त्या बायकांना जे हवं असेल ते वाचलं होतं.

"असंच हाय ना, बाई?" आवडाबाईनं विचारलं.

पूर्वीचे हात थांबले. तिनं वर पाहिलं नाही. ओळीतल्या सगळ्या बायका रेणुकाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत शंका नव्हती. जिनं शिकवलं तिच्याच तोंडून कौतुक ऐकायचं होतं त्यांना.

खरं सांगायला हवं होतं. अंगठे गेले ते गेले, पण निदान ह्या बायकांना कळायला हवं होतं. आणि खरं सांगितलं तर ह्या पोरीला उद्यापासून ह्या शेडमध्येही तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हेही रेणुकाला दिसत होतं. जानेवारीत गप्प बसली तेव्हा नुसता एक अहवाल होता. आता वीस बायकांचे हात होते. तिनं कागदाची पुन्हा चौघडी केली.

"हो," ती म्हणाली. "बरोबर वाचलंय तिनं."

आवडाबाईनं कागद गाठीला बांधला. "बगा. मी सांगत नव्हतं?" मग नातीला कोपरानं ढोसलं. "बाई आल्यात तर वाच गो. त्यांना बी ऐकव विहिरीचं."

पूर्वीनं टबात हात घातला, कोळंबी उचलली आणि सुरुवात केली. आवाज स्वच्छ, घोटलेला. "त्या वर्षी गावात पाण्याचे दुर्..." ठरलेल्या जागी ती थांबली आणि पहिल्यांदा मान वर करून तिनं रेणुकाकडे पाहिलं.

रेणुकानं मान डोलावली, आणि पूर्वीनं पुढचं वाक्य घेतलं.